उल्का नावाचा ड्रायव्हर

७ जानेवारी

आजपासून रोजनिशी. कंपनीत इतिहास घडणार आहे आणि तो लिहून ठेवणारं दुसरं कोणी नाही. मेहुणे कोटेशनशिवाय काही लिहीत नाहीत.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो, म्हातारपणी मलाच आठवायची नाही. कारखाना हिच्या थोरल्या भावाचा. आधी आम्ही बादल्यांची झाकणं बनवायचो. आता डिस्क गोल्फच्या डिस्क बनवतो. खेळ साधा आहे: चेंडूऐवजी तबकडी, भोकाऐवजी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली, आणि कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत गेली पाहिजे. जवळून टाकायची ती पटर. लांब फेकायचा तो ड्रायव्हर.

आम्ही पटर बनवतो. बरे बनवतो. पण पटर घेऊन कोणी मित्रांसमोर मिरवत नाही. पोस्टरवर असतो तो ड्रायव्हर.

मी डिझाइन आणि मार्केटिंग दोन्ही बघतो. मेहुणे म्हणाले, ‘बघता, एवढं खरं.’ मी मनावर घेतलं नाही.

संकल्प: या सीझनला आपला स्वतःचा ड्रायव्हर. रुंद, धारदार कड. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सगळ्यांसाठी. शाळकरी मुलगी असो, रिटायर्ड गृहस्थ असोत, कोणीही फेकावा आणि लांब जावा.

२४ जानेवारी

आजची तारीख लाल शाईनं लिहायला हवी होती. लाल पेन लेकीनं नेलंय.

सॅम्पल साच्यातून पहिला पीस निघाला. अजून कोमट होता. तो घेऊन तसाच कारखान्यामागच्या मैदानात. लेक कॉलेजातून थेट आली होती. (लेक म्हणजे आमची टेस्टिंग टीम. सेकंड इयरला आहे, गेल्या वर्षी मोठ्या खुल्या स्पर्धेत तिसरी आली. तिचा फोरहँड म्हणजे काय! मनगट आणि कोपर असं झटकते की बघत राहावं.)

तिनं फेकला. तो गेला. गेला म्हणजे जातच राहिला. सरळ. मैदान संपलं, कुंपण संपलं, तळ्यावरून जाताना मला वाटलं आता हा परत येतच नाही.

आला नाहीच. तळ्यात पडला.

मेहुणे म्हणाले, पीस कुठाय? मी म्हणालो, तोच तर मुद्दा आहे.

पुढचे पीस उजवीकडे वळून कुंपणाच्या अलीकडे पडले. वारा फिरला होता.

२ फेब्रुवारी

पुढच्या पिसांचं तेच. सुरुवातीला बाणासारखे निघतात आणि मग एकदम काहीतरी आठवल्यासारखे उजवीकडे वळून जमिनीवर.

मेहुण्यांचं म्हणणं, पहिला पीस साच्यातून घाईनं काढला, थंड होताना वाकला, मध्ये फुगवटा आला, म्हणून तरंगला. तसा परत होणार नाही.

मी म्हणालो, एकदा झालं म्हणजे होऊ शकतं. याला विज्ञान म्हणतात. ते म्हणाले, याला लॉटरी म्हणतात.

लेक म्हणते, ‘बाबा, याला फार जोर लागतो. माझ्यापेक्षा दुप्पट दंडाच्या माणसाला जाईल.’ मी म्हणालो, पहिला कसा गेला मग? तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, पण प्रश्न मी विचारला होता.

ठरलं: रोज कॉलेज सुटल्यावर टेस्टिंग. आकार आहे तोच ठेवायचा. फेक सुधारायची.

१२ फेब्रुवारी

नावासाठी मीटिंग. मेहुणे, मी, आणि पॅकिंगच्या मावशी, कारण बसायला जागा फक्त पॅकिंगमध्ये आहे. मेहुण्यांनी ‘सरळ’ सुचवलं. मावशी म्हणाल्या, ‘सरळ कुठं जातो?’ विषय तिथंच संपवला.

मी नाव जाहीर केलं: उल्का. आगीची रेघ, वेग, आकाश!

घरी सांगितलं. ही बँकेतून येऊन चपला काढत होती. म्हणाली, ‘अहो, उल्का पडते ना?’

हिला मार्केटिंग कळत नाही.

१८ फेब्रुवारी

डिस्कवर चार आकडे छापायचे असतात: वेग किती, तरंगणं किती, आधी कुठं वळणार, शेवटी कुठं वळणार. गिऱ्हाईक हे आकडे बघूनच घेतं. आणि गंमत म्हणजे हे आकडे कंपनीनं आपले आपणच ठरवायचे! मला वाटलं होतं कोणीतरी येऊन मोजून जात असेल. कोणी येत नाही.

तेव्हा पहिल्या पिसाप्रमाणे आकडे दिले. तो जसा गेला तसे. खोटं काही नाही. गेला होता तो. साक्षीदार आहेत.

लेकीनं कागद बघितला आणि शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. बोलली काही नाही. आईवर गेली आहे.

२७ फेब्रुवारी

लेक म्हणते, कोपर आतून टोचतंय. मी म्हणालो, नवा स्नायू तयार होताना तसं होतं. हे कुठंतरी वाचल्याचं मला नक्की आठवतं.

आज एक फेक बरी गेली. पहिल्यासारखी नाही, पण तिची बहीण म्हणता येईल अशी. मी ओरडलो, ‘हीच! आता हीच परत!’ परत आली नाही. अंधार पडायला लागल्यावर थांबलो.

८ मार्च

खेळाच्या संघटनेची मंजुरी आली! वजन, व्यास, कडेची रुंदी, लवचीकता, सगळं नियमात. मी ईमेल छापून नोटीसबोर्डावर लावला.

मेहुणे म्हणाले, ते फक्त माप बघतात, उडतं की नाही ते बघत नाहीत. मला त्यांचा हा स्वभावच आवडत नाही. आनंदाच्या वेळी बारीक अक्षरातलं वाचायचं.

१५ मार्च

पैलवानाला सॅम्पल पाठवले होते. पैलवान म्हणजे आपल्याकडचा सध्याचा सर्वांत मोठा खेळाडू. हात बघितला तर मांडी वाटावी. आज त्याचा फोन आला.

म्हणाला, ‘मला लांब जातो.’

हे वाक्य मी लगेच लिहून घेतलं. मग म्हणाला, ‘पण साहेब, मी तुमचं बादलीचं झाकणही एवढं फेकेन.’ हे लिहून घेतलं नाही. कराराबद्दल विचारलं तर म्हणाला, दुसऱ्या कंपनीशी बोलणं चाललंय.

पोस्टरचा मजकूर: ‘मला लांब जातो’ — एक अव्वल खेळाडू.

२३ मार्च

व्हिडिओचं शूटिंग. जागा मी निवडली. पलीकडची टेकडी, उतारावरून, वारा पाठीमागून. कॅमेरा खालून वर. लेकीला पांढरा टीशर्ट.

ती म्हणाली, ‘बाबा, इथून चप्पल फेकली तरी लांब जाईल.’ पैलवान आणि लेक एकाच वळणाचे विनोद करतात. खेळाडूंचा स्वभावच असावा.

सकाळ गेली, दुपार झाली. शेवटी शेवटी ती फेकल्यावर हात झटकण्याऐवजी पोटाशी धरत होती. कॅमेरामन म्हणाला, हे चांगलं दिसत नाहीये. मी तिला सांगितलं, फेकून झाल्यावर हसायचं. हसली. व्हिडिओ अप्रतिम झालाय.

घरी आल्यावर हिनं तिच्या कोपराला बर्फ लावला. माझ्याकडे बघत लावला. म्हणाली, ‘तिच्या हाताचं बघा, मग आकड्यांचं.’ मी म्हणालो, दोन्ही बघतो.

४ एप्रिल

डिस्कचे रिव्ह्यू करणारा एक जण आहे, त्याच्या चॅनेलला बरेच लोक. त्याला फुकट डिस्क पाठवल्या होत्या. आज त्याचा व्हिडिओ आला. दार लावून बघितला.

म्हणतो, आकडे आणि डिस्क यांची एकमेकांशी ओळखही नाही. साधारण माणसानं फेकली तर गोफणीतून विटेचा तुकडा निघाल्यासारखी जाते. हात फार दमदार असेल तरच या वाटेला जा.

दिवसभर जेवलो नाही. संध्याकाळी आंघोळ करताना सुचलं.

‘हात फार दमदार असेल तरच.’

अरे, हीच तर जाहिरात आहे!

५ एप्रिल

सगळे पोस्टर बदलले. ‘सगळ्यांसाठी’ काढून टाकलं. आता: ‘उल्का. प्रत्येकाला झेपणार नाही.’

मेहुण्यांना म्हणालो, आता ज्याच्या हातून पडेल तो डिस्कला दोष देणार नाही, स्वतःच्या हाताला देईल. ते माझ्याकडे वळले. म्हणाले, ‘भावजी, हे तुम्ही चांगलं म्हणून सांगताय ना?’

अर्थात.

पहिली बॅच मर्यादित. प्रत्येक डिस्कवर लेकीची सही. ती म्हणाली, ‘मलाच झेपत नाही, त्यावर माझी सही कशी?’ मी समजावलं की सही म्हणजे सर्टिफिकेट नव्हे, सही म्हणजे भावना. तिनं डाव्या हातानं केली. उजवा दुखतो म्हणे. वळणदार नाही आली, पण सेलिब्रिटींच्या सह्या अशाच असतात.

२० एप्रिल

पहिली बॅच संपली!!!

पुन्हा लिहितो. संपली. दुकानदार फोन करून मागतायत. तरुण पोरं घेतायत, पोटं सुटलेले घेतायत. एका दुकानात म्हणे एक आजोबा घेऊन गेले आणि नातवाला म्हणाले, बघच आता.

तक्रार एकही नाही. कोण करणार? तक्रार म्हणजे आपला दंड लहान आहे असं लिहून देणं.

मेहुण्यांनी नाइलाजानं दुसरी, मोठी बॅच काढायला परवानगी दिली; तिच्यावर लेकीची सही छापूनच घ्यायची. मी माणूस ओळखतो. आतून खूश होते. बाहेरून दिसू देत नव्हते.

२९ एप्रिल

लेकीला दोन आठवडे सुट्टी हवी आहे. हात सरळ होत नाही, वेणी घालायला आईला सांगावं लागतं. मी म्हणालो, मे महिन्यातली खुली स्पर्धा झाली की महिनाभर सुट्टी. तिथं आपला स्टॉल आहे, बॅनर आहे, दुसऱ्या बॅचचं तिथंच उद्घाटन. तिनं उल्का फेकली नाही तर लोक काय म्हणतील?

ती म्हणाली, ‘काय म्हणतील?’

मी म्हणालो, तेच तर.

ही मधे पडली. आवाज चढले. माझाही चढला, ते बरोबर नव्हतं, पण उत्पादनाच्या आयुष्यात एक नाजूक काळ असतो, तो घरच्यांना समजत नाही. शेवटी लेकच म्हणाली, ‘आई, राहू दे. फेकते मी.’

समजूतदार आहे. मला अभिमान वाटला. झोप मात्र नीट लागली नाही. उकाडा.

११ मे, सकाळी

आज स्पर्धा. आकाश स्वच्छ. बॅनर लागला. पैलवान दुसऱ्या कंपनीचा टीशर्ट घालून आला, तरी हात मिळवला.  लेकीच्या कोपराला पट्टी. मी पट्टीवरून कंपनीच्या रंगाची बाही चढवायला सांगितली. वाईट दिसत होतं.

११ मे, संध्याकाळी

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. क्रमानं लिहितो. क्रमानं लिहिलं की डोकं थाऱ्यावर येतं.

दिवसभर ती इतर डिस्कनी खेळली. उल्का काढलीच नाही. मी दोनदा खूण केली. शेवटचं होल, म्हणजे शेवटच्या टोपलीचा टप्पा, मोकळं आणि लांबलचक, बघायला गर्दी. तिथं तिनं पिशवीतून उल्का काढली. माझ्याकडे बघितलं. मी अंगठा दाखवला.

तिनं फेकली. आणि ती गेली.

पहिल्यासारखी. अगदी तशीच. सरळ, वर, सरळ. माझ्या तोंडून काय निघालं आठवत नाही, पण मी दोन्ही हात वर करून ओरडत होतो, उड्या मारत होतो. लोक ओरडले तेही मला टाळ्यांसारखंच वाटलं. मी वर बघत होतो.

कोणीतरी माझा दंड धरून मला वळवलं. पैलवान होता. लेक खाली बसली होती, गुडघ्यांवर, कपाळ गवताला टेकवून. हात पोटाशी. ती ओरडत नव्हती. तिच्या आईनं तिला मिठीत घेतलं होतं. ही स्टॉलपासून तिथवर पोचली होती, म्हणजे मी किती वेळ वर बघत होतो?

डॉक्टर म्हणतात कोपराचा लिगामेंट फाटलाय. एकदम नाही, आधीपासून थोडा थोडा जात होता. आज राहिलेला गेला. ऑपरेशन.

डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय असं आधी कधी म्हणाली नव्हती का?

ही उत्तर देईल म्हणून मी थांबलो. ही माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, थोडंफार.

१२ मे

ऑपरेशन झालं. नीट झालं म्हणतात. दुपारी आत सोडलं. ही खाली औषधं आणायला गेली होती. लेक डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली आहे.

म्हणाली, ‘बाबा, किती लांब गेली हो?’

मी मोजलंच नव्हतं. डिस्क कोणी उचलली तेही माहीत नाही. म्हणालो, ‘खूप.’

‘पहिल्यासारखी?’

‘हो. तशीच.’

तिनं डाव्या हातानं चादर वर ओढली. मग म्हणाली, ‘मग झालं ना आता.’

मी ‘हो’ म्हणालो. चिडून म्हणाली असती तर काहीतरी बोलता आलं असतं.

१६ मे

त्या फेकीचा व्हिडिओ आमच्या कॅमेरामननं घेतला होता. आज ऑफिसात बघितला. फेक खरोखरच दुर्मीळ. डिस्क फ्रेमबाहेर जाते, मग कॅमेरा खाली येतो. पुढं मी, हात वर करून नाचतोय. मागं ती बसत जाते.

निव्वळ व्यावसायिक दृष्टीनं बघितलं तर शेवटचे काही सेकंद कापता येतील. फेक तेवढी ठेवायची. खाली फक्त नाव.

हे मी मोठ्यानं बोललो असलो पाहिजे. कारण ही दारात उभी होती. डबा द्यायला आली होती. हॉस्पिटलातून थेट. तिनं डबा टेबलावर ठेवला, स्क्रीनकडे बघितलं, आणि म्हणाली, ‘कापा. तुम्ही तिथं नव्हताच.’

गेली. डबा मी उघडलाच नाही. उकाड्यानं भूक मेली असेल.

व्हिडिओ कापला नाही. पुसून टाकला. कॅमेरामनकडे कॉपी आहे, ते नंतर कळलं. त्यानं आधीच टाकलाय. बरेच लोक बघतायत. डिस्कबद्दल कोणीच काही लिहीत नाहीये. सगळे माझ्याबद्दल लिहितायत.

३ जून

दुसरी बॅच खोक्यांसकट परत येतेय. दुकानदार नम्रपणे बोलतात, तेच जास्त लागतं. एकानं विचारलं, मुलगी कशी आहे? मी म्हणालो, सुधारणा आहे. तो म्हणाला, तिची सही असलेल्या डिस्क विकाव्याशा वाटत नाहीत हो.

मेहुण्यांनी आज केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, ते कधी लावत नाहीत. मला वाटलं ओरडतील. म्हणाले, ‘चूक माझीही आहे. भाचीचा हात दिसत होता मला, आणि ऑर्डरीही दिसत होत्या.’ 

ठरलं ते असं: उल्का बंद. आलेला सगळा माल भरडून पुन्हा प्लॅस्टिकचे दाणे करायचे. मी डिझाइनमधून बाहेर, आता डिस्पॅच. मी म्हणालो, तात्पुरतं ना? ते म्हणाले, ‘भावजी, चहा घ्या.’

१९ जून

भरडायचं मशीन फार आवाज करतं. डिस्क टाकली की आधी किंकाळी, मग खडखडाट. मीच टाकत होतो. डिस्पॅचच्या माणसाचं ते काम नाही, पण मी मागून घेतलं.

सगळ्यांवर तिची सही होती. नंतर मी त्या पालथ्या करून टाकायला लागलो.

घरी सांगितलं, सगळ्या संपल्या. ही म्हणाली, ‘बरं.’ पुष्कळ दिवसांनी एक शब्द सरळ माझ्याशी. नोंद करून ठेवतो.

१४ जुलै

फिजिओथेरपिस्ट बाई म्हणतात, प्रगती चांगली. लेक डाव्या हातानं जेवते, डाव्या हातानं लिहायचा सराव करते. मी तिच्यासाठी व्यायामाचा तक्ता केला, रंगीत, आठवड्यांसकट. तिनं बघितला, घडी केली, म्हणाली, ‘थेरपिस्टनी दिलाय, बाबा.’ माझा जास्त सविस्तर होता.

माझ्या डोक्यात एक विचार आलाय. हाताला अजिबात ताण न देणारा ड्रायव्हर. मऊ कड. दुखापतीतून उठलेल्यांसाठी. बाजारात असं काही नाही. अर्धं पान चित्र काढलं.

मग फाडलं. कागद वाईट होता.

६ ऑक्टोबर

मधे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

काल थेरपिस्ट बाईंनी तिला हलकं फेकायला परवानगी दिली. अगदी जवळून, हात न झटकता. ते ऐकून मी काल रात्रीच बूट पुसून ठेवले. पाण्याची बाटली, टॉवेल, बर्फाची पिशवी. या वेळी मी फक्त बसून राहणार होतो, काही बोलणार नव्हतो, मोजणार नव्हतो. तसं मी आरशासमोर ठरवलंही.

सकाळी लेक तयार होऊन बाहेर आली. वेणी स्वतः घातलेली, जरा वाकडी. मी बूट घालून दारातच होतो. तिनं बूट बघितले, बाटली बघितली.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘आज आईला घेऊन जाते.’

रागानं नाही. अगदी हळू, एखाद्याला लागू नये तसं.

मी म्हणालो, बरंच झालं, मलाही कारखान्यात काम आहे, मी निघतच होतो. आणि निघालो. बर्फाची पिशवी हिच्या हातात दिली. हिनं घेतली.

कोपऱ्यावर आल्यावर लक्षात आलं की आज रविवार आहे. त्या दोघींच्या ते तिथंच लक्षात आलं असणार.